माळ्यावरचा रेडिओ

घराचा माळा आवरताना आम्हांला गोणपाटात गुंडाळलेला व्हॉल्व्हचा रेडिओ सापडला. बाबांनी गिरणीच्या बोनसातून घेतलेला. तेव्हा रेडिओला पोस्टातून लायसन काढावे लागे. ते पुस्तक आईच्या पेटीत अजून आहे. १९८२ साली गिरण्यांचा संप लागला आणि त्याच वर्षी रेडिओ मुका झाला. घरातली भांडी मोडीत निघत होती, तिथे दुरुस्तीला पैसा कुठला? पुढे बाबा गेले, चाळ सुटली. आई आता नव्वदीला टेकली आहे. तिने एवढेच विचारले, "लागंल का रं तो?"

धाकटा लगेच प्लग खुपसायला निघाला. आम्ही त्याचा हात धरला. वाचक बंधू-भगिनींनो, वर्षानुवर्षे पडून असलेला असा रेडिओ थेट विजेवर लावू नका. आतले कागदी कंडेन्सर एव्हाना गळके झालेले असतात. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कंडेन्सर गळू लागला, तर तो व्हॉल्व्ह नको तेवढा प्रवाह ओढतो, लाल होतो आणि जळतो.

एका दुकानात नेला. त्यांनी मीटर लावला आणि सांगितले, "चारही व्हॉल्व्ह गेलेत. दोनशे देतो, ठेवून जा." आई रिक्षातच बसून होती. आम्ही रेडिओ उचलला आणि घरी आलो.

मागचा पुठ्ठा काढून ब्रशने धूळ झाडली. व्हॉल्व्हवरचे नंबर वाचले: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५. 'यू'वरून सुरू होणाऱ्या व्हॉल्व्हचे तंतू एकामागे एक, माळेसारखे जोडलेले असतात. चौघांना अनुक्रमे १९, १९, ५० आणि ३८ व्होल्ट लागतात, म्हणजे एकूण १२६. २३० मधले उरलेले व्होल्ट एक जाड रेझिस्टन्स गिळतो. लग्नातल्या दिव्यांच्या माळेत एक दिवा गेला की सगळ्या विझतात, तसेच इथेही. प्रत्येक व्हॉल्व्ह सुटा काढून ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर मीटर लावला. तिघे धडधाकट! गेला होता एकटा यूवाय ८५. तो चोरबाजारात एका जुन्या खोक्यात मिळाला. दुकानदार खोटे बोलला की त्याला माहीत नव्हते, हे आम्ही ठरवत बसलो नाही.

आता धोक्याचे. या जातीच्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर नसतो. विजेची एक तार थेट आतल्या पत्र्याला, म्हणजे चॅसीला, जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळा पत्रा जिवंत होतो. बटण निघालेला उघडा दांडासुद्धा झटका देतो. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार उरतो. तो रेझिस्टन्स लावून उतरवावा लागतो. म्हणून आम्ही एका निवृत्त रेडिओ मेकॅनिक काकांना शेजारी बसवूनच काम केले. ज्याला यातले कळत नाही, त्याने पाहावे, हात लावू नये.

काकांनी कागदी कंडेन्सर काढून पॉलिस्टरचे, ६३० व्होल्टचे बसवले. फिल्टरचे मोठे कंडेन्सरही बदलले; ते सुकले की रेडिओ नुसता गुणगुणतो. डायलची दोरी तुटली होती, ती ओवण्यात एक आख्खी दुपार गेली. मग सिरीजमध्ये साठ वॅटचा तारेचा जुना दिवा लावून वीज दिली. एलईडी इथे चालत नाही. दिवा भगभगून पेटला असता तर आत शॉर्ट. तो मंदच राहिला. तंतू हळूहळू लालसर झाले आणि तापलेल्या धुळीचा वास घरभर पसरला. तो वास येताच आई पलंगावरून उठून बसली.

सिरीजचा दिवा काढून रेडिओ पुऱ्या विजेवर घेतला. खिडकीला एरियलची तार बांधली. आधी नुसती खरखर. मोबाईलचा चार्जर आणि एलईडी दिवा बंद केला तेव्हा ती कमी झाली. मीडियम वेव्हची बरीच केंद्रे अलीकडे बंद झाली आहेत, त्यामुळे काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामाच फिरत होता. मग एके ठिकाणी माणसाचा आवाज आला. बातम्या होत्या. आई म्हणाली, "आवाज मोठा कर, मला गाणीच पायजेत असं नाही."

मागचा पुठ्ठा स्क्रूने घट्ट बसवल्यावरच आम्ही नातवाला जवळ येऊ दिले.