झाईचा झिका आणि ‘पहिला रुग्ण’

जुलै 2022 मध्ये झाईच्या आश्रमशाळेतल्या एका लहान मुलीला झिकाची लागण झाल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या, तपासणीत निघालं. झाई आमच्या बोर्डीला लागूनच आहे. तालुका तलासरी, आमचा डहाणू, पण किनारा एकच आणि डासही एकच. आदल्या वर्षी पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला राज्यातला पहिला झिका रुग्ण सापडला होता. वर्षभराने आमच्या किनाऱ्याचं नाव पेपरात आलं.

त्या आठवड्यात एक पालक मला म्हणाले, "मॅडम, झाईकडची पोरं वर्गात असतील तर जरा वेगळी बसवा ना." माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. मी त्यांना म्हटलं, बाक बदलून काही होणार नाही, घरामागचं पाण्याचं पिंप बघा. झिका शेजारी बसल्याने पसरत नाही. तो मुख्यतः एडिस डासामार्फत पसरतो. हाच डास डेंग्यू आणि चिकुनगुनियाही पसरवतो. तो दिवसा चावतो आणि गटारापेक्षा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: माठ, पिंप, टायर, करवंटी, फ्रीजच्या मागचा ट्रे. जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ताडपत्रीने झाकलेल्या असतात. त्या ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेलं पाणी त्याला पुरेसं आहे.

मला त्या पालकांपेक्षा ‘पहिला रुग्ण’ या शब्दाची जास्त काळजी वाटते. झिकाची लागण झालेल्या पाचांपैकी साधारण चौघांना काहीच होत नाही, पाचव्याला थोडा ताप, पुरळ, लाल डोळे. तो दोन-चार दिवसांत बरा होतो आणि पॅरासिटामॉलची गोळी घेऊन विसरून जातो. मग ज्या मुलीचं रक्त पुण्याला गेलं ती पहिली रुग्ण कशी? ती पहिली सापडलेली. तिला चावलेल्या डासाने हा विषाणू कुणाच्या तरी रक्तातूनच उचलला असणार, आणि त्या माणसाला स्वतःला ठाऊकही नसेल. तिच्या शाळेत तपासणी झाली म्हणून शाळेचं नाव झालं. जिथे कुणी नमुनाच घेतला नाही, ती गावं आपोआप ‘निरोगी’ ठरली.

झिका हे नाव युगांडातल्या एका जंगलाचं. 1947 मध्ये पिवळ्या तापाचा शोध घेताना तिथे पिंजऱ्यात ठेवलेल्या एका माकडात हा विषाणू मिळाला. एनआयव्हीची सुरुवात 1952 ची, तेव्हाचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर. 1954 साली स्मिथबर्न, केर आणि गटणे या तिघांनी भारतातल्या रहिवाशांच्या रक्ताच्या तपासणीवर एक शोधनिबंध लिहिला. 196 नमुन्यांपैकी 33 मध्ये झिकाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं होती. झिका आणि डेंग्यू चुलतभाऊ असल्याने अशा चाचण्यांत गोंधळ होऊ शकतो, हे मान्य. तरीही झाईच्या मुलीच्या जन्माच्या साठ वर्षं आधीच या देशातल्या रक्तात झिकाच्या खुणा दिसल्या होत्या. आणि आपण बाक वेगळे करायला निघालो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, त्यामुळे शब्द मनात घोळत राहतात. अरबीतून उर्दूत आलेल्या ‘इल्लत’ या शब्दाचे दोन अर्थ: आजार आणि कारण. जुन्या हकिमांना या दोन गोष्टी एकाच शब्दात का दिसल्या असतील, हे समजतं. चौदाव्या शतकातल्या महामारीत ग्रानाडाचे इब्न अल-खतीब यांनी उघड लिहिलं होतं की संसर्ग असतो, तो डोळ्यांना आणि अनुभवाला दिसतो, आणि धर्मवचनाचा शब्दशः अर्थ त्याच्या आड येत असेल तर अर्थ नव्याने लावायला हवा. आमच्या काही मौलानांना हे नाव माहीत नसतं, आणि माझ्या काही सुशिक्षित मित्रांनाही नसतं.

कारण सापडायला वेळ लागतो, दोषी मात्र लगेच सापडतो. 1896 मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला तेव्हा त्याचा जंतू माहीत होता, यर्सिनने तो दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये शोधला होता. पण जंतू माणसापर्यंत येतो कसा, हे माहीत नव्हतं. ते माहीत नसताना सरकारने माणसालाच वाट मानलं. घरं उपसली, बायकांना तपासलं, रुग्ण उचलून नेले. पुण्यात 1897 च्या जूनमध्ये रँडचा खून झाला, तो आपल्याला शाळेत शिकवतात. मार्च 1898 मधलं मदनपुरा शिकवत नाहीत. तिथे जुलाह्यांच्या वस्तीतून एका मुलीला तपासणीसाठी न्यायला प्लेगची तुकडी आली, लोकांनी अडवलं, आणि दंगल झाली. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर कराचीत प्रयोग करून दाखवत होता की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून येतो. त्याचं म्हणणं लगेच कुणी मानलं नाही. परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाच्या प्रयोगांनी ते पक्कं व्हायला 1905 नंतरचा काळ उजाडला. तोवर दोष घरातल्या माणसांचा होता आणि पिसवा आपल्या कामाला लागल्या होत्या.

परळच्या त्याच प्रयोगशाळेला पुढे हाफकिनचं नाव मिळालं. त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, जानेवारी 1897 मध्ये. तिसरे आगाखान यांनी ती लोकांसमोर टोचून घेतली, म्हणून खोजा समाजात लस गेली. आणि 1902 मध्ये पंजाबात मुल्कोवालला लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले तेव्हा दोष कुणावर आला? हाफकिनवर. तो निर्दोष ठरायला 1907 उजाडलं.

हे सगळं मी आता का उगाळते आहे, हे माझ्या वाचकांना कळलं असेल. 2020 च्या 18 एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की देशातल्या 14,378 रुग्णांपैकी 4,291 एकाच ठिकाणाशी, निजामुद्दीनच्या मरकजशी, जोडलेले आहेत. आकडा खोटा होता असं मी म्हणत नाही. बंद जागेत हजारो माणसं एकत्र राहिली तर विषाणू पसरणारच, आणि त्या दिवसांत तसं राहणं चूकच होतं. पण मरकजला गेलेल्या प्रत्येकाला आणि त्याच्या संपर्कातल्यांना शोधून तपासलं जात होतं, आणि देशात बाकी चाचण्या अगदी थोड्या होत होत्या. जिथे विहीर खणाल तिथेच पाणी लागेल. रोज मोजताना हा फरक कुणी सांगितला नाही, आणि तो आकडा भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत पोचला. गाडीवर नाव विचारून भाजी घेणारे लोक मी पाहिले आहेत. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं म्हटलं. तोवर भाजीवाल्याचे चार महिने गेले होते.

2024 च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्याला एका डॉक्टरांना आणि त्यांच्या मुलीला झिका झाला. कुणी म्हटलं का, एरंडवण्याची मुलं वेगळी बसवा? नाही म्हटलं, आणि तेच बरोबर होतं. गरोदर बायकांची तपासणी झाली, कारण झिकाचा खरा धोका पोटातल्या बाळाच्या मेंदूला असतो, हे 2015-16 मध्ये ब्राझीलमध्ये दिसलं होतं. त्याच पावसाळ्यात गुजरातेत चांदीपुरा विषाणूने मुलं दगावली. चांदीपुरा हे नाव नागपूरचं, 1965 मध्ये तिथे तो ओळखला गेला. पसरवणारी मुख्यतः वाळूमाशी. नागपूरकरांना कुणी जाब विचारला नाही.

आता आपल्याच घरातलं. 2022 च्या शेवटी गोवंडी, मालेगाव, भिवंडीत गोवर पसरला आणि मुलं गेली. ‘हे लोक लस घेत नाहीत’ असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. लॉकडाऊनमध्ये लसीकरणाची सत्रं चुकली, दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात, कामासाठी कुटुंबं सतत जागा बदलतात. ही कारणं खरी आहेत. पण लसीने मूल होत नाही ही अफवाही खरोखर फिरत होती, आणि ती आपल्याच मोबाइलवरून फिरत होती. पोलिओच्या वेळीही हीच होती. जुम्याच्या दिवशी मशिदीतून लस घ्या असं सांगावं लागलं, काही ठिकाणी ते सांगितलंही गेलं, आणि ते साथ येण्याआधी सांगायला हवं होतं. सरकारने आपल्याला दोषी धरू नये असं म्हणणारे आपण लसीला दोषी धरायला दोन मिनिटं लावत नाही.

संशोधकांकडेही माझं एक मागणं आहे. आश्रमशाळेतल्या पोरांचं रक्त पुण्याला जातं, निबंध इंग्रजीत छापला जातो. त्या रक्तात काय दिसलं, हे आईबापांना वारलीत किंवा मराठीत, त्यांच्या पाड्यावर येऊन कुणीतरी सांगायला हवं. एक कागद पुरेल. पुढच्या वेळी सुई घेऊन येणाऱ्याला दार उघडायचं की नाही, हे त्यावर ठरतं.

आशाताई दारात येऊन आठवड्यातला एक दिवस पाणी ओतून टाकायला सांगतात, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. लोक पिंप उलटं करतात आणि लगेच नळाखाली लावतात. एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. पिंप आतून काथ्याने घासायचं, आणि मगच भरायचं.