जाळ्यात झार, बाजारात तारली नाही: दोष कोणाचा?

पावसाळा सरला की मालवणपासून कारवारपर्यंत एक तक्रार हमखास ऐकू येते. जाळं जड लागतं म्हणून ओढावं, तर निम्मी जेलीफिश. मालवणकडे तिला 'झार' म्हणतात. हाताची आग होते, जाळं फाटतं, सोबत आलेली मासळीही खराब होते. मग 'झारमुळेच मासळी संपली' असा निकाल लागतो. तो अर्धाच खरा आहे.

जेलीफिश आणि तारलीसारखे छोटे मासे, दोघांचंही पोट बरंचसं पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर भरतं. शिवाय जेलीफिश माशांची अंडी नि पिल्लंही खाते. समुद्रात मासे भरपूर असतात तोवर हे खपून जातं. ते कमी झाले की खाणं शिल्लक राहतं आणि झपाट्याने वाढणाऱ्या जेलीफिशला रान मोकळं मिळतं. पुढे माशांची नवी पिढी वर येणंच अवघड होतं.

आफ्रिकेतल्या नामिबियात नेमकं हेच दिसलं. तिथे 1968 मध्ये सुमारे 14 लाख टन सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचीच जातकुळी, पकडली गेली. नंतर साठा कोसळला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्या समुद्रात मासे 36 लाख टन, तर जेलीफिश 122 लाख टन निघाली! आधी मासा उपसला गेला, जेलीफिश मागून आली. हा क्रम महत्त्वाचा. तिथला गोबी नावाचा छोटा मासा जेलीफिश खातो, कासवंही खातात. म्हणजे ती अगदीच फुकट जाते असं नाही. पण गोबीने सार्डिनची जागा भरून निघालेली नाही.

आपल्याकडे? केरळात 2012 मध्ये तारली जवळपास 4 लाख टन मिळाली होती. 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं ते तापलेल्या समुद्राकडे आणि बेसुमार मासेमारीकडे, जेलीफिशकडे नव्हे. महाराष्ट्राने 2023 मध्ये 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, हे बरंच झालं. पण तारलीचा थवा राज्याची हद्द बघून फिरत नाही. गोवा, कर्नाटक, केरळ या सगळ्यांच्या किनाऱ्यावर एकच माप लागू झालं आणि ते बंदरावर खरोखर तपासलं गेलं, तरच उपयोग. तोवर बेळगावच्या बाजारातही बोटभर तारलीचे वाटे लागले की गिऱ्हाईक स्वस्त म्हणून उचलणारच.