सत्तर टक्के म्हणजे नेमके किती किलो?

समजा, तुमचं वजन १२० किलो आहे आणि उंची १६५ सेंटिमीटर. मोबाइलवर एक जाहिरात येते, 'बॅरिॲट्रिक सर्जरीनं ६० ते ७० टक्के वजन घटवा.' लगेच मनातल्या मनात गणित सुरू होतं. १२० चे सत्तर टक्के म्हणजे ८४. उरले किती? ३६ किलो! एवढं तर शाळेतल्या पोराचं वजन असतं. मग तुम्ही स्वतःच जरा समजूतदारपणा दाखवता, 'जाऊ दे, निदान साठावर तरी येऊ.'

गफलत इथेच होते. जाहिरातीतले ते टक्के तुमच्या एकूण वजनाचे नसतात, 'जादा' वजनाचे असतात. बीएमआय २५ धरला तर तुमच्या उंचीला साधारण ६८ किलो वजन चालतं. म्हणजे जादा झालं ५२ किलो. त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे ३१ ते ३६ किलो. ऑपरेशन उत्तम झालं, सांगितलेलं सगळं तुम्ही पाळलं, तरी वर्ष-दीड वर्षानं काटा ८४ ते ८९च्या आसपास थांबणार. डॉक्टरांच्या फाइलमध्ये ही यशस्वी केस. पण ८५ किलोंवरही तुमचा बीएमआय ३१ येतो आणि भिंतीवरचा तक्ता तुम्हाला 'लठ्ठ'च म्हणतो. हे ऑपरेशनच्या आधी माहीत असणं आणि नंतर कळणं यात खूप फरक आहे.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे वजन उतरवण्याचा बाजार सध्या जोरात आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही इंजेक्शनं भारतात आली. वेगोवीतल्या सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे देशी कंपन्या आधीपासूनच तयारीत होत्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले, म्हणजे गिऱ्हाईकही भरपूर. आता ऑपरेशन, इंजेक्शन आणि डाएट प्लॅन एकाच रीलमध्ये एकमेकांशी स्पर्धा करतात आणि स्पर्धा असते ती वेगाची.

पण वेगाचे खरे आकडे बघा. मोठ्या चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्के वजन उतरलं ते ६८ आठवड्यांत. मौंजारोतल्या तिर्झेपेटाइडच्या सगळ्यात जास्त डोसवर २० टक्क्यांच्या आसपास, त्याला ७२ आठवडे लागले. ऑपरेशननं २५ ते ३० टक्के उतरतं, तेही बारा ते अठरा महिन्यांत. किती उतरेल यात फरक आहे, पण सव्वा-दीड वर्ष तिन्हींना लागतं. 'तीन महिन्यांत' असं कुणी म्हणालं की पुढचं ऐकायची गरज नाही.

ऑपरेशनमध्ये होतं काय? स्लीव्ह प्रकारात दुर्बिणीतून जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कायमचा काढतात, केळ्यासारखी एक नळी उरते. भुकेचा घ्रेलिन हा हॉर्मोन प्रामुख्यानं काढलेल्या भागातच तयार होत असतो, म्हणून भूकही कमी होते. बायपासमध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

आता वजनाच्या उताराकडे या. एकूण जेवढं उतरायचं त्यातलं साधारण अर्धं पहिल्या तीन महिन्यांत उतरतं. सहा महिन्यांपर्यंत पाऊण. उरलेला पाव भाग पुढच्या सहा ते बारा महिन्यांत, अगदी रमतगमत. आपल्या १२० किलोंच्या हिशेबात सांगायचं तर पहिले तीन महिने महिन्याला पाच-सहा किलो, पुढचे तीन महिने अडीच-तीन किलो, आणि मग महिन्याला किलो, कधी तेवढंही नाही. पहिल्या महिन्याचा वेग बघून पुढच्या वर्षाचा हिशेब मांडणाऱ्याची निराशा ठरलेली. क्रिकेटमध्ये पॉवरप्लेचा रनरेट धरून कुणी पन्नास ओव्हरचा स्कोअर सांगत नाही.

त्यात तिसऱ्या आठवड्याच्या आसपास एक गंमत होते, खरं तर ज्याची होते त्याला ती गंमत वाटत नाही. काटा अडकतो. आठवडाभर, कधी दोन आठवडे, ढिम्म हलत नाही. माणूस दिवसाला जेमतेम वाटी-दोन वाट्या पातळ पदार्थ खातोय आणि तरी वजन तेवढंच! 'पोट कापलं आणि तरी फेल गेलो' असं वाटायला लागतं. कारण तसं साधं आहे. शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतं आणि तिच्या एकेका ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपासमार सुरू झाली की आधी हा साठा संपतो आणि पाणीही जातं. पहिल्या आठवड्यातले ते झटपट किलो बरेचसे पाण्याचे असतात. नंतर शरीर सावरतं, थोडं पाणी परत धरतं. चरबी त्या दिवसांतही जळत असते, पण काट्याला चरबी आणि पाणी यातला फरक कळत नाही. म्हणून बरेच डॉक्टर सांगतात, रोज काट्यावर उभं राहू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

किलोंचा रोजचा स्कोअर ऐकायची सवय आपल्याला बातम्यांनीही लावली. २०१७ मध्ये तुम्ही शाळेत असाल. इजिप्तहून एका तरुणीला मालवाहू विमानानं मुंबईत आणलं होतं, वजन पाचशे किलोंच्या घरात असल्याचं सांगत. किती उतरलं, याच्या बातम्या ऑपरेशनच्या आधीपासूनच येत होत्या. पुढे नेमकं किती उतरलं यावरूनच तिचे नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात वाद झाला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं, सप्टेंबरमध्ये तिथेच ती गेली. ती केस सर्वार्थानं वेगळी होती, तिच्यावरून या ऑपरेशनबद्दल मत बनवू नये. पण बातम्यांत कितीतरी दिवस तिच्या तब्येतीपेक्षा किलोच जास्त होते, हेही खरं.

कॉलेजच्या मुलामुलींचा बेत बहुतेक वेळा असा असतो: मेच्या सुट्टीत ऑपरेशन, जूनमध्ये कॉलेज सुरू होताना नवा अवतार. प्रत्यक्षात जूनमध्ये तुम्ही आधी पातळ, मग कुस्करलेलं अन्न खात असता. घनपदार्थ नीट जमायला दीड-दोन महिने जातात. गणपतीत कौतुक सुरू होतं, 'अगं, केवढी बारीक झालीस!' आणि त्याच सुमारास, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, केस गळायला लागतात. ते बहुतेकांचे परत येतात, पण तेव्हा कंगव्याकडे बघवत नाही. झपाट्यानं वजन उतरताना पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. कातडी सैल पडते आणि ती व्यायामानं पूर्ण घट्ट होत नाही. रोज किमान साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. वरण-भात-भाजीच्या शाकाहारी ताटात, तेही मूठभर जठरात, ती बसवणं हे मोठंच काम आहे. आणि पार्टीतली दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, हे कुणी तरी मोकळेपणानं सांगायला हवं.

मुलींच्या बाबतीत आणखी एक कॅलेंडर असतं, घरच्यांचं. 'लग्नाआधी उरकून टाकू.' पण ऑपरेशननंतर निदान बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळा, असं डॉक्टर सांगतात. वजन उतरत असताना पोषण अपुरं पडतं, बाळाला ते परवडत नाही. स्थळं बघणाऱ्या घरात ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी बोलली गेली पाहिजे. आणि ती बोलताना ती मुलगीच खोलीबाहेर असू नये.

मग करूच नये का? तसं अजिबात नाही. विम्याच्या नियमांत वय १८च्या पुढे आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत गंभीर आजार अशी अट आहे. तेवढं वजन असलेल्या माणसाला नुसतं 'कमी खा, चालत जा' सांगणं म्हणजे चेष्टा. काट्यावर न दिसणारा फायदा तर सगळ्यात वेगानं येतो. टाइप २ मधुमेह असलेल्या अनेकांची साखर वजन फारसं उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. घोरणं कमी होतं, गुडघे दुखायचे थांबतात, पीसीओएस असेल तर बऱ्याच जणींची पाळी नियमित होते. ३१ बीएमआयच्या त्या 'लठ्ठ' माणसाचं शरीर आतून आधीच्यापेक्षा फार वेगळं असू शकतं.

वजन थोडं परत येतं, हेही आधीच लिहून ठेवा. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के होती. म्हणजे थोडं परत आलं, पण बरंचसं टिकलं. इंजेक्शनं थांबवली की मात्र चित्र वेगळं. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आल्याचं चाचणीत दिसलं.

म्हणून सल्ला घ्यायला जाल तेव्हा डॉक्टरांना दोन आकडे कागदावर लिहून मागा. वर्षानं माझं एकूण वजन किती टक्के उतरलेलं असेल, आणि पाच वर्षांनी त्यातलं किती टिकलेलं असेल? तिसरा प्रश्न घरी बसून स्वतःच सोडवायचा. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभराच्या आहेत. डिग्रीनंतर नोकरीला दुसऱ्या शहरात गेलात, तर तिथे हे कुणाकडे करणार आणि त्याचे पैसे कुठून येणार?