दुसऱ्या यंत्राचा भरवसा

२०२१ सालच्या २४ फेब्रुवारीस मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एकाएकी थांबले आणि ते पुन्हा सुरू व्हावयास दुपारचे पावणेचार वाजले. या बाजाराजवळ राखीव यंत्रणा नव्हती असे मुळीच नाही. दूरसंचाराच्या वाहिन्या एकाहून अधिक कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या आणि संकटकाळी सारा कारभार हलविता यावा म्हणून चेन्नईस स्वतंत्र केंद्रही उभारलेले होते. तरीही वाहिन्या बिघडल्या, त्या बिघाडाची झळ माहितीच्या साठवणुकीला व जोखीम-नियंत्रणाच्या यंत्रणेला लागली, आणि राखीव केंद्र मात्र राखीवच राहिले. व्यवहार तेथे का हलविले नाहीत, याचा खुलासा सेबीने मागितला. हा प्रश्न एकट्या शेअर बाजारापुरता नाही. संगणकावर कारभार सोपविलेल्या प्रत्येक संस्थेने तो स्वतःला विचारावा, असा आहे.

अशा प्रसंगासाठी संगणकशास्त्राने जी योजना सिद्ध केली आहे तिला ‘फेलओव्हर क्लस्टर’ म्हणतात. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. एकच काम करू शकणारे दोन किंवा अधिक सर्व्हर एकत्र जोडावयाचे. एकाने काम करावयाचे आणि दुसऱ्याने दर काही क्षणांनी त्याची नाडी पाहत राहावयाचे. नाडी लागेनाशी झाली की दुसऱ्याने पहिल्याचे काम, त्याचा पत्ता आणि माहितीचा ताबा स्वतःकडे घ्यावयाचा. ग्राहकाला फार तर क्षणभर अडखळल्यासारखे वाटावे, यापलीकडे काही कळू नये, हा या योजनेचा हेतू.

तिचे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पैसे काढावयास आलेल्या खातेदाराला ‘यंत्रणा बंद आहे’ असे उत्तर मिळाले की बुडते ती केवळ त्या तासाची उलाढाल नव्हे. विश्वासालाही तडा जातो. शिवाय एक सर्व्हर दुरुस्तीस घेतला असता दुसऱ्यावर काम चालू ठेवता येते, ही सोय रोजच्या व्यवहारात अपघातांइतकीच मोलाची ठरते. हिशेबही मोहक आहे. वर्षाचे तास ८,७६०. शंभरातील नव्याण्णव तास चालणारे यंत्र वर्षाकाठी सुमारे ८८ तास बंद राहील. तशीच दोन यंत्रे जोडली, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा काळ कागदावर अवघ्या ५३ मिनिटांवर येतो.

परंतु या हिशेबात एक गृहीत दडलेले आहे. दोन्ही यंत्रांचे बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असले पाहिजेत. प्रत्यक्षात ती एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर आणि पुष्कळदा एकाच सामायिक साठवणुकीवर चालतात. त्यांच्यावरील आज्ञावली एकच असते आणि तीत दोष असला तर तो दोघांनाही एकदमच ग्रासतो. कोणी चुकून नोंदी पुसल्या, तर ती चूकही दुसऱ्या यंत्रापर्यंत तत्परतेने पोहोचते. म्हणून माहितीच्या वेगळ्या जतन केलेल्या प्रतीची जागा क्लस्टर घेऊ शकत नाही.

याहून मोठा धोका खुद्द बदलीच्या क्षणी असतो. १ ऑक्टोबर २०२० रोजी टोकियो शेअर बाजारात साठवणुकीच्या एका उपकरणाची स्मृती बिघडली. जोडीचे उपकरण सज्ज होते. पण त्याने आपोआप ताबा घ्यावा यासाठी जी नोंद योग्य प्रकारे केलेली असावयास हवी होती, ती तशी नव्हती. यंत्रणा बंद करून पुन्हा चालू करता आली असती. परंतु तोवर आलेल्या मागण्यांचे काय करावयाचे याचा गोंधळ उडाला असता. अखेर त्या दिवशी सबंध दिवसभर बाजार उघडलाच नाही, आणि पुढे नोव्हेंबरअखेर बाजाराच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले.

तेथे राखीव यंत्र जागे झाले नाही. अन्यत्र ते नको तेवढ्या घाईने जागे झाले. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या अमेरिकी संस्थेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्राचा संपर्क अवघे ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात नियंत्रक यंत्रणेने नोंदींचा कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपविला. संपर्क जुळला तेव्हा दोन्हीकडे एकमेकांस ठाऊक नसलेल्या नोंदी झालेल्या होत्या आणि त्यांतील कोणत्याही टाकून देता येण्याजोग्या नव्हत्या. एका दौलतीला दोन कारभारी झाले म्हणजे जे व्हावयाचे तेच झाले. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

या तिन्ही ठिकाणी पैशाची वा तंत्रज्ञांची वाण होती असे कोणी म्हणणार नाही. मग मध्यम उद्योगाने आणि नागरी सहकारी बँकेने काय करावे? दुसरे यंत्र म्हणजे दुसरी खरेदी, आज्ञावलीचे जादा परवाने, आणि ही गुंतागुंत जाणणारी, रात्री-अपरात्री हाक मारता येईल अशी माणसे. एक तास काम थांबल्याने नुकसान किती, याचा आकडा काढल्यावाचून हा खर्च करणे म्हणजे विक्रेत्याच्या भीतीपोटी केलेली खरेदी होय. जेथे दोन तास हाताने पावत्या फाडून निभावते, तेथे क्लस्टरपेक्षा जतन केलेली प्रत आणि ती परत चढविण्याचा सराव अधिक उपयोगाचा. जेथे क्षणाचाही खोळंबा ठेवीदाराला भोवतो, तेथे मात्र काटकसर परवडणारी नाही. यंत्रणा बाहेरच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली असली, तर बदलीस किती मिनिटे लागतील आणि शेवटची चाचणी कधी झाली, हे संचालकांनी कराराच्या वेळीच विचारून घेतले पाहिजे.

मुंबईच्या प्रसंगानंतर सेबीने मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारांसारख्या संस्थांना घालून दिलेला दंडक या दृष्टीने मननीय आहे. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावयाची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत राखीव केंद्रावरून काम सुरू करावयाचे. येथे आज्ञा यंत्राला नाही, माणसाला आहे. निर्णय कोणी व कधी घ्यावयाचा, हे आधी ठरलेले असावे, एवढाच तिचा अर्थ. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजाराने खास सत्र भरविले. सकाळचे व्यवहार मुख्य केंद्रावर आणि नंतरचे राखीव केंद्रावर पार पाडून खरोखरीची बदली करून पाहिली. असा सराव खर्चाचा आहे, गैरसोयीचा आहे आणि तो पार पडला तर त्याची वाहवाही कोणी करीत नाही. तरीही दुसऱ्या यंत्राला किंमत येते ती त्यामुळेच. ज्या यंत्रावर आजवर एकदाही काम चालवून पाहिलेले नाही, ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखविता येईल. आधार म्हणून नव्हे.