मनूचा मासा व आमची कांचपेटी

मनूची व माशाची कथा आपल्याकडे लहान मुलांनाहि ठाऊक असते. पण तिचा पूर्वार्ध सहसा कोणी लक्षांत ठेवीत नाहीं. प्रलय, नौका आणि ती नौका ओढून नेणारा शिंगाचा महामत्स्य, एवढेंच आपल्या स्मरणांत राहतें. महाभारताच्या वनपर्वांत ही कथा येते, तींत आरंभीं एक क्षुद्र मासा आहे. मोठ्या माशांच्या भयानें तो मनूपाशीं आश्रय मागतो. मनु त्याला रांजणांत ठेवतो. रांजण पुरेनासा होतो तेव्हां तो त्याला वापींत नेतो. वापी पुरेनाशी होते तेव्हां गंगेंत. आणि गंगाहि अपुरी पडते तेव्हां समुद्रांत नेऊन सोडतो. मासा वाढत जातो आणि प्रत्येक वेळीं पात्र बदलतें. ‘तूं जरा लहान राहा, म्हणजे माझ्या रांजणांत मावशील,’ असें मनु त्याला एकदांहि म्हणत नाहीं. ज्याला आश्रय दिला त्याच्या वाढीचा भार आश्रय देणाऱ्यानें उचलावयाचा असतो, हें या कथेंतलें पहिलें सूत्र होय. प्रलय त्याच्या नंतरचा.

आज आमच्या दिवाणखान्यांतून या सूत्राचें उलटें वाचन चाललें आहे. येथें पात्र कायम आहे, आणि माशानेंच पात्राच्या मापाचें व्हावें अशी अपेक्षा आहे. तेंहि साध्यासुध्या माशानें नव्हे, तर ‘शार्क’ या नांवानें विकत आणलेल्या माशानें! घरांत शार्क पाळणें नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न यवतमाळांत बसून विचारावा हें कोणाला विनोदी वाटेल. समुद्र येथून कोणत्याहि दिशेनें पांचशें किलोमीटरांहून दूर. कोंकणांतल्या कोळणीला जो प्राणी मुशी किंवा मोरी म्हणून रोजच्या टोपलींतला आहे, तो आम्हां वऱ्हाडांतल्या लोकांना इंग्रजी चित्रपटांनीं प्रथम दाखविला, आणि दाखविला तो राक्षस म्हणून. नेमक्या याच कारणामुळें त्या नांवाला आमच्याकडे किंमत आली. ज्याची भीति वाटते तें आपल्या सोफ्याशेजारीं कोंडून ठेवण्यांत एक प्रकारची फुशारकी असते. पूर्वीं संस्थानिक चित्ते बाळगीत, आतां मध्यमवर्ग शार्क बाळगतो.

या व्यवहारांत पहिली गोष्ट आहे ती असत्य. आमच्यासारख्या गांवांतील दुकानांत ‘शार्क’ म्हणून जो चंदेरी, बोटभर मासा मिळतो, तो शार्क नव्हेच. तो पंगस, आपल्या शिंगाळ्याच्या दूरच्या भाऊबंदांपैकीं एक मिशाळ मासा. शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो, याचा हाडांचा. पाठीवरचा टोकदार पर आणि पाण्यांतली ऐटदार चाल एवढ्या साम्यावर व्यापाऱ्यांनीं त्याचें बारसें केलें. ‘बाला शार्क’ आणि ‘रेड-टेल शार्क’ हे तर आपल्या रोहू-कटल्याच्या कुळांतले. म्हणजे शार्क विकत घेणारा गृहस्थ बहुधा फसलेला असतो. परंतु फसवणुकीनें पाप हलकें होत नाहीं, उलट येथें तें वाढतें. कारण पंगस हा मूळचा थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम या देशांतील मेकाँग आणि चाओ फ्राया या महानद्यांचा रहिवासी. तो थव्यानें राहतो आणि विणीसाठीं नदीच्या प्रवाहाविरुद्ध शेंकडों किलोमीटर प्रवास करतो. पूर्ण वाढला तर त्याची लांबी १३० सेंटिमीटरांपर्यंत आणि वजन ४४ किलोपर्यंत जातें. आमच्या घरांतील कांचपेटीची लांबी अडीच-तीन फूट, म्हणजे फार तर सुमारें नव्वद सेंटिमीटर! प्रौढ मासा तींत वळूंसुद्धां शकणार नाहीं.

आणखी एक विसंगति पाहा. हाच मासा आमच्या उपाहारगृहांत ‘बासा’ म्हणून ताटांत येतो. त्याच्या शेतीसाठीं सुमारें १९९५-९६ मध्यें तो थायलंडहून बांगलादेशामार्गें बंगालांत आला व तेथून देशभर पसरला. तळ्यांतून त्याची लक्षावधि पैदास होते. आणि त्याच्या मूळ नद्यांत मात्र तो इतका घटला आहे कीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें त्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. रेड-टेल शार्कची स्थिति तर याहून शोचनीय. त्याच संघाच्या यादींत तो अतिसंकटग्रस्त आहे. दुकानांत थवेच्या थवे आणि नदींत दुष्काळ, असा हा प्रकार.

कोणी म्हणेल, मग खरा शार्क आणूं. पैसेवाल्यांसाठीं तोहि धंदा जगांत चालतो. समुद्राच्या तळाशीं राहणाऱ्या बांबू शार्कचीं पिलें विकलीं जातात, आणि तीं वाढून मीटरभर लांब होतात. पण मोठ्या शार्कांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्यांतील अनेक जातींना श्वासासाठीं सतत पोहत राहावें लागतें. थांबले कीं कल्ल्यांवरून पाणी वाहीनासें होतें. त्यांच्या तोंडाभोंवतीं असलेल्या सूक्ष्म रंध्रांना पाण्यांतील अत्यंत क्षीण विद्युत्-स्पंदनेंहि कळतात. अशा प्राण्याला चार भिंतींत ठेवण्याचा प्रयत्न कॅलिफोर्नियांतील माँटेरे बे मत्स्यालयानें केला. लक्षावधि लिटर पाणी, जाणते शास्त्रज्ञ आणि भरपूर द्रव्य, सर्व कांहीं हाताशीं होतें. २००४ सालीं आणलेली पांढऱ्या शार्कची मादी १९८ दिवस राहिली आणि नंतर तिला समुद्रांत सोडावें लागलें. २०११ पर्यंत असे सहा शार्क ठेवून पाहिल्यावर त्या संस्थेनें हा उद्योग सोडून दिला. जपानांतील ओकिनावाच्या मत्स्यालयांत २०१६ सालीं ठेवलेला पांढरा शार्क तीन दिवसांत मेला. जें त्यांना साधलें नाहीं, तें आम्ही इन्व्हर्टरवर चालणाऱ्या पंपाच्या भरंवशावर साधणार आहों काय?

‘मासा पेटीच्या मापानेंच वाढतो,’ हें दुकानदारांचें आवडतें वचन. हें वचन अर्धसत्य असल्यामुळें अधिक घातक आहे. अरुंद व घाण पाण्यांत माशाची वाढ खुंटते हें खरें. पण ती समजूतदारपणानें घेतलेली माघार नव्हे, तो रोग आहे. मासा आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. तळच्या वाळूंत व गाळणींत वाढणारे जीवाणू त्या विषाचें रूपांतर करतात तोंवरच तो जगतो. माशाच्या मानानें पाणी थोडें असेल तर विष सांचतें, कणा वांकतो, कातडीवर व्रण पडतात. पंगस तर जात्याच भित्रा. दार आपटलें, दिवा लागला, कीं तो घाबरून कांचेवर धडका घेतो. पाहुण्यांना ती शार्कची चपळाई वाटते.

त्यांत आमचा यवतमाळचा उन्हाळा. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी विरघळतो. वीज गेली कीं गाळणीहि बंद पडते. २०१८ च्या उन्हाळ्यांत निळोणा व चापडोह या धरणांनीं तळ दाखविला आणि यवतमाळकर दिवसेंदिवस नळाची वाट पाहत बसले, हें कोणी विसरलें नसेल. ज्या गांवांत माणसानें हंड्याचा हिशेब ठेवावयाचा, तेथें दर आठवड्याला पेटींतलें पाणी बदलण्याची प्रतिज्ञा कितीजण पाळणार?

‘कायदा कोठें मनाई करतो?’ असें विचारणारांनीं कायदा एकदां वाचावा. प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायदा १९६० चा. मनुष्याखेरीज कोणताहि जीव म्हणजे प्राणी, अशी त्याची व्याख्या. तेव्हां मासा तींत आलाच. आणि ज्या पिंजऱ्यांत किंवा अन्य पात्रांत प्राण्याला पुरेशी हालचाल करतां येईल इतकी लांबी, रुंदी वा उंची नाहीं, त्यांत त्याला कोंडणें हा त्याच्या अकराव्या कलमाप्रमाणें गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास त्या वेळीं ठरविलेला दंड मात्र दहा ते पन्नास रुपयांचा! २०१७ सालीं केंद्र सरकारनें मत्स्यालयांच्या दुकानांसाठीं स्वतंत्र नियम केले. व्यापाऱ्यांनीं गिल्ला केला आणि त्याच वर्षीं ते मागें घेण्यांत आले. म्हणजे न्यायाचें तत्त्व आहे, पण तें बजावणारा कोणी नाहीं. अशा ठिकाणीं सज्जनांची जबाबदारी कमी होत नसून वाढते.

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, मासे खाणाऱ्या समाजानें कांचेंतल्या माशासाठीं अश्रु ढाळणें हें ढोंग आहे. पण अडाणच्या किंवा अरुणावतीच्या पाण्यांत जाळें टाकणारा भोई वा ढीवर जो मासा धरतो, तो जाळ्यांत येईपर्यंत मासा म्हणूनच जगलेला असतो. त्याचें मरण कोणाची तरी भूक भागवितें. कांचपेटींतल्या माशाला मरणहि वेळेवर येत नाहीं आणि त्याच्या यातनांनीं भिंतीच्या शोभेखेरीज कांहींच साधत नाहीं. गरजेपोटीं केलेली हिंसा आणि शोभेपोटीं केलेला छळ यांत अंतर आहे. तें ज्याला दिसत नाहीं त्याच्याशीं वाद संपला.

दुसरा आक्षेप अधिक टोंचणारा आहे. ज्या जिल्ह्याचें नांव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें देशभर झालें, तेथें माशांची काळजी कसली करतां? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या दुःखाविषयीं मला आदर आहे. परंतु तो पेटी विकत घेतांना कोणी विचारीत नाहीं. पेटीविरुद्ध कोणी बोललें म्हणजेच तो निघतो. पेटी, पंप, दिवे आणि खाद्य यांवर खर्च झालेला पैसा कोणत्याहि शेतकऱ्याच्या घरीं गेलेला नाहीं. करुणा ही कांहीं कोठींतली ज्वारी नव्हे, कीं एकाला पसाभर दिली तर दुसऱ्याला कमी पडावी. उलट रोज डोळ्यांसमोर तडफडणारा जीव शोभेची वस्तु म्हणून पाहण्याची संवय लागलेलें मन, शेजारच्या शिवारांतलें दुःखहि तसेंच कांचेपलीकडून पाहूं लागेल, अशी मला खरी भीति वाटते.

आणि मासा पेटींत मावेनासा झाला म्हणजे? तेव्हां मालकाला एकाएकीं दया येते व तो त्याला जवळच्या तलावांत सोडतो. ही दया सर्वांत महाग पडते. शोभेसाठीं आणलेला सकर मासा, ज्याला कोणी हेलिकॉप्टर मासा म्हणतात, उजनीच्या जलाशयांत माजला असून तेथील मच्छीमारांच्या जाळ्यांचा काळ झाला आहे. २०२३ सालीं काश्मीरच्या दल सरोवरांत उत्तर अमेरिकेंतला ॲलिगेटर गार सांपडला. तो कांहीं आपण होऊन पोहत आला नव्हता. बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस या आमच्या नद्या वर्धा-पैनगंगेमार्गें अखेर गोदावरीला मिळतात. घरांतली एक बादली कोठवर जाऊन पोंचते, याचा विचार ती ओतण्यापूर्वीं व्हावा. मनूनें मासा गंगेंत सोडला हें खरें. पण तो मासा तेथलाच होता.

तेव्हां माझें म्हणणें थोडक्यांत असें: ज्या प्राण्याच्या पूर्ण वाढीला आपण जागा देऊं शकत नाहीं, तो प्राणी पाळण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. खरा शार्क असो वा नांवाचा, दोघेहि या कसोटीला उतरत नाहींत. नगरपालिकेला फार कांहीं करावयाचें नाहीं. प्रत्येक दुकानांतल्या पेटीवर माशाचें खरें नांव, मूळ देश आणि पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी ठळक अक्षरांत लिहावी, एवढा नियम तिनें करावा. ‘पंगस, थायलंड, सव्वा मीटर’ असें वाचल्यावर पुष्कळांची हौस जागच्या जागीं ओसरेल. आणि ज्या घरांत पंगस आधींच येऊन वाढूं लागला आहे, त्यांनीं त्याला नदी-तलावांत न सोडतां जाणत्या मत्स्यव्यावसायिकाच्या बंदिस्त तळ्यांत द्यावें, पेटी रिकामी करून माळ्यावर टाकावी, आणि मुलांना मासा पाहावयाचाच असेल तर सुटीच्या दिवशीं बेंबळेच्या कांठीं नेऊन ढीवराच्या जाळ्यांतली मरळ व वाम दाखवावी.