लेन्स कुठली ते राहू द्या, नंबर किती आला ते सांगा

तब्येतपाणी / सीबकर

जून उजाडला की ओमानमधल्या सीबच्या मराठी घरांत दोन याद्या तयार होतात. एक गावाकडे न्यायच्या वस्तूंची, दुसरी तिकडे उरकायच्या कामांची. दुसऱ्या यादीत बँकेचं केवायसी, सातबारा, दाताची रूट कॅनाल यांच्या जोडीला एक ओळ हमखास असते : आईचा मोतीबिंदू. रजा तीन आठवड्यांची. त्यातला एक आठवडा नातेवाइकांचा, उरलेल्या दोनांत डोळा. त्याआधी महिनाभर घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद रंगतो, की लेन्स कुठली टाकायची? थोरल्याला अमेरिकनच हवी असते. वहिनींच्या ओळखीतल्या कुणाला मल्टिफोकल टाकली आणि ते आता बिनचष्म्याचा पेपर वाचतात, हे तीनतीनदा सांगून होतं. मग कुठल्याशा रुग्णालयाचं दरपत्रक येतं. ऑपरेशन एकच, पण लेन्सनुसार किमतीच्या पाच-सहा पायऱ्या. मुलगा रियालचे रुपये करतो आणि वरून दुसऱ्या पायरीवर बोट ठेवतो. सगळ्यात वरची परवडत नाही, खालची घेतली तर लोक काय म्हणतील!

हा वाद नको त्या टोकाने सुरू होतो, असं माझं मत आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा निकाल मुख्यतः लागतो तो आधीच्या मोजमापात, सर्जनच्या हातात आणि सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत. यांतलं काहीही दरपत्रकावर छापलेलं नसतं.

अगदी पहिल्या लेन्सचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या वैमानिकांच्या डोळ्यांत कॉकपिटच्या फुटलेल्या छताचे कण घुसत. ते छत पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचं असे, आणि डोळा हे कण मुकाट सोसतो, चिडत नाही, असं हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं. 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पंचेचाळीस वर्षांच्या एका बाईंवर पर्स्पेक्सच्या लेन्सचं पहिलं ऑपरेशन केलं. लेन्स बसली, डोळ्याने ती स्वीकारलीही. पण बाईंचा नंबर तपासला तर तो उणे अठराच्या घरात! रिडलींनी नैसर्गिक भिंगाचा आकार बराचसा तसाच गिरवला होता आणि पर्स्पेक्स प्रकाशाला त्याहून जास्त वाकवतं. वस्तू उत्तम, हात उत्तम, हिशोब चुकलेला. पुढे कित्येक वर्षं बड्या नेत्रतज्ज्ञांनी रिडलींना वाळीत टाकल्यासारखं वागवलं. इंग्लंडच्या राणीने त्यांना 'सर' केलं ते 2000 साली, त्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी.

आज हा हिशोब यंत्र करतं, पण यंत्राला लागणारी मापं माणसालाच घ्यावी लागतात. डोळ्याची पुढून मागे लांबी साधारण तेवीस-चोवीस मिलिमीटर असते. ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीनने हुकतो. जुन्या ए-स्कॅनची कांडी बुबुळाला टेकवावी लागते. तंत्रज्ञाने ती जरा जास्त दाबली की डोळा चपटा होतो, लांबी कमी भरते, गरजेपेक्षा ताकदवान लेन्स निवडली जाते आणि रुग्णाला उणे नंबर येतो. 1999 पासून प्रकाशाने मोजणारी यंत्रं आली. त्यांना डोळ्याला हातही लावावा लागत नाही. मात्र मोतीबिंदू फार पिकला असेल तर प्रकाश आरपार जात नाही आणि गाडी पुन्हा कांडीवर येते. 'अजून पिकू द्या, मग काढू' हा आपल्या वाडवडिलांचा सल्ला एके काळी ठीक होता, आज तो मोजमापच बिघडवतो. बुबुळाची वक्रताही मोजायची असते, आणि ती कोरड्या डोळ्यावर नीट येत नाही. सीबमध्ये सहा महिने एसीत आणि उरलेले धुळीत काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मापाआधी काही दिवस डोळ्यांत ओलावा राखणारे थेंब घाला असं डॉक्टरांनी सांगितलं, तर ती फाजील काळजी समजू नये.

आता पुण्याकडे वळू. एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चारशे रुग्णांवर एक तुलना केली, ती 2005 साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटाचं ऑपरेशन फेकोने, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेणाऱ्या महागड्या यंत्राने. दुसऱ्या गटाचं हाताने, लहान छेद घेऊन आणि टाका न घालता. सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय 6/18 किंवा त्याहून चांगलं दिसणारे फेकोच्या गटात 81 टक्के, हाताच्या गटात 71 टक्के. (6/18 म्हणजे निरोगी डोळा अठरा मीटरवरून वाचतो ते अक्षर सहा मीटरवरून वाचता येणं.) इथवर फेकोची सरशी. पण योग्य नंबरचा चष्मा लावला, आणि दोन्ही गटांचा आकडा एकच झाला : 98.4 टक्के.

हे आकडे मला दरपत्रकाच्या शेजारी चिकटवावेसे वाटतात. फेकोमुळे पडलेला फरक दहा टक्क्यांचा, साध्या चष्म्याने पडलेला त्याहून मोठा. अभ्यासाला वीस वर्षं झाली, त्यानंतर फेको आणि घडीच्या लेन्स दोन्ही सुधारल्या. जखम लवकर भरते, तिरका नंबर कमी येतो, तेव्हा फेको मिळत असेल तर जरूर घ्या. पण सहाव्या आठवड्याला नंबर तपासायला जो जात नाही, त्याने ऑपरेशन अर्धवट सोडलं असं मी समजतो. आणि आमच्या सीबकरांचा नेमका तोच हप्ता चुकतो. विमानप्रवासाचं भय नको. साधं ऑपरेशन झालं असेल, तर काही दिवसांत डॉक्टर बहुधा परवानगी देतात आणि मुंबई-मस्कत तीन तासांच्या आतलं अंतर. अडचण ही, की रजा संपते, मुलगा इकडे येतो, आई साताऱ्याला परत जाते आणि पुण्याच्या तपासणीला तिला न्यायचं कुणी हे ठरलेलंच नसतं.

थोडं कडू बोलतो. ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर मुलगा बसलेला असणं ही बरीचशी मुलाची गरज आहे. भूल थेंबांची किंवा सुईची, आत पंधरा-वीस मिनिटं, संध्याकाळी घरी. आईला माणूस लागतो तो पुढच्या महिन्यात. दिवसातून चारदा घालायचे थेंब, मग तीनदा, मग दोनदा. हात कापतो, बाटली डोळ्याला टेकते, झाकण पलंगाखाली जातं. डोळा लाल झाला, दुखू लागला, दिसणं कमी झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो, 'रविवारी बघू' चालत नाही. तेव्हा रजेच्या तारखांत डोळा कोंबण्यापेक्षा ऑपरेशन भाची किंवा शेजारच्या काकू मोकळ्या असतील तेव्हा ठरवा आणि तुम्ही सहाव्या आठवड्याला जा. किंवा आई इथे लांब मुदतीने येणार असेल, तर सगळं मस्कतमध्येच करा. भेटीच्या व्हिसावरचा विमा जुन्या दुखण्याला बहुधा चालत नाही, हे गृहीत धरून पैशांची सोय आधी बघा.

राहता राहिली लेन्स. विदेशी की देशी, या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षांपूर्वीच बरंचसं मिळालेलं आहे. त्याआधी आपल्याकडच्या शिबिरांत भिंग काढलं जायचं, त्या जागी काहीच बसवलं जायचं नाही. त्या आजी-आजोबांचे बाटलीच्या तळासारखे चष्मे पन्नाशीतल्या प्रत्येकाने पाहिले आहेत. आयात लेन्स शंभर डॉलरच्या आसपास पडे, शिबिरात ती परवडणार कुणाला? 1992 मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या जोडीला ऑरोलॅब सुरू झाली आणि लेन्सची किंमत दहा डॉलरच्या खाली आली. 1994 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. जाड चष्मा गावोगावी दिसेनासा झाला तो या स्वस्त लेन्समुळे. ज्यांना 'मेड इन इंडिया' म्हटलं की नाक मुरडायचं असतं, त्यांनी खुशाल मुरडावं. बरीच गिऱ्हाइकं ऑरोलॅबला परदेशांतही आहेत.

महाग लेन्समध्ये तथ्य कुठे आहे, तेही सांगायला हवं. बुबुळाचा तिरका नंबर जास्त असेल तर टॉरिक लेन्सचे पैसे सार्थकी लागतात. कडा चौकोनी धारेची असेल, तर लेन्समागचं पातळ आवरण पुढे धूसर होण्याचं प्रमाण घटतं ('मोतीबिंदू परत आला' म्हणतात तो बहुधा हाच प्रकार, लेझरने दोन मिनिटांत साफ होतो). मल्टिफोकल मात्र चष्मा टाळण्याची सोय आहे. ती जास्त चांगली दृष्टी देते, हा समज काढून टाकावा. डोळ्यात येणारा प्रकाश ती जवळ आणि दूर असा वाटून टाकते. म्हणून ठळकपणा थोडा कमी होतो आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात. मधुमेहाने पडदा बिघडलेला असेल किंवा काचबिंदू असेल, तर हा प्रकाशाचा खर्च डोळ्याला झेपत नाही. रात्री साडेनऊला सुलतान काबूस हायवेवरून रुवीहून मबेलाला गाडी हाकणाऱ्या आणि दहा वर्षं गोळ्यांवर असलेल्या आमच्या पन्नाशीतल्या इंजिनिअरने ती घेण्याआधी दोनदा विचार करावा. आजींना वाचायचा चष्मा लावायची चाळीस वर्षांची सवय आहे. तो नाकावर राहिल्याने त्यांचं काय बिघडतं, हे कुणी त्यांनाच का विचारत नाही?

मोजण्याची सवय आपल्याला कमी. शिबिराच्या फलकावर किती ऑपरेशन्स झाली हे ठळक असतं. डॉ. तात्याराव लहाने यांनी जे. जे. रुग्णालयातून आणि शिबिरांतून केलेल्या ऑपरेशन्सचा लाखाच्या वरचा आकडा महाराष्ट्राला तोंडपाठ आहे आणि त्याचा अभिमान रास्तच आहे. पण 2015 ते 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वामागे मोतीबिंदू सुमारे 66 टक्के निघाला, आणि सुमारे 7 टक्क्यांमागे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधली गुंतागुंत. हा दुसरा आकडा फलकावर येत नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य सभेने देशांपुढे उद्दिष्ट ठेवलं तेही निव्वळ संख्येचं नाही. ऑपरेशननंतर ठरावीक दृष्टी मिळाली, तरच ते धरायचं, आणि ती रेघ आता 6/18 वरून 6/12 वर नेली आहे.

ओमानला मोजण्याची ही गोडी आधीपासून आहे. इथली देशव्यापी नेत्रपाहणी 1996-97 मधली. 2002 साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकांत पहिलं नाव राजीव खांडेकर यांचं होतं. शंभरात एकाहून थोडे जास्त लोक अंध, त्यांतल्या तीस टक्क्यांमागे न काढलेला मोतीबिंदू, आणि जवळजवळ चोवीस टक्क्यांमागे खुपरी, म्हणजे ट्रॅकोमा. खुपरी गावागावांत शोधली, मोजली, औषधं दिली, पापण्यांची ऑपरेशन्स केली. 2012 मध्ये खुपरीची सार्वजनिक समस्या संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केलेला ओमान हा जगातला पहिला देश ठरला. आपल्या अल खूदमध्ये विद्यापीठाचं मोठं रुग्णालय आहे, मस्कतमध्ये खाजगी दवाखानेही बरेच. मापाची यंत्रं मिळण्याची अडचण इथे नाही.

मग विचारायचं काय? 'डॉक्टरांना असं विचारतात का?' असं आई दटावेल, तरी विचारा. तुमच्या रुग्णांपैकी ठरवलेल्या नंबरच्या एक अंक इकडेतिकडे किती येतात? ब्रिटनच्या सरकारी सेवेने 2009 मध्येच यासाठी 85 टक्क्यांची रेघ आखली होती. लेन्समागचं आवरण फाटण्याचं प्रमाण किती? तिथे ते शंभरात दोनच्या आसपास होतं, आता एकाच्या खाली आलं आहे. शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडता का? अरविंदच्या सहा लाखांहून जास्त ऑपरेशन्सच्या नोंदींत तेवढ्या एका थेंबाने आतल्या जंतुसंसर्गाचं प्रमाण 0.07 टक्क्यांवरून 0.02 टक्क्यांवर आलं, आणि त्याचा खर्च लेन्सच्या दोन पायऱ्यांमधल्या फरकापुढे नगण्य आहे. चांगल्या सर्जनला हे प्रश्न आवडतात. जो चिडेल त्याच्याकडे जावं की नाही, हे घरच्यांनी ठरवावं.

दुसरा डोळा असेल तर घाई नको. पहिल्यात ठरवलेला नंबर आणि प्रत्यक्ष आलेला नंबर यांत फरक पडला असेल, तर त्यातला साधारण निम्मा दुसऱ्याचा हिशोब करताना सर्जन वळता करून घेतात, आणि त्यासाठी पहिला डोळा आधी स्थिरावावा लागतो. घरी निघताना लेन्सचं कार्ड मागून घ्या. त्यावर कंपनी, प्रकार, ताकद आणि अनुक्रमांकाचा स्टिकर असतो. मूळ कार्ड आईच्या पासपोर्टच्या पाकिटात, फोटो तुमच्या फोनमध्ये. दुसरा डोळा पुण्यात होवो की मस्कतमध्ये, तिथले डॉक्टर आधी तेच मागतील.