घरपट्टीचा आकडा येतो कुठून?

मार्च जवळ आला की शिवारातल्या भेटीत पिकापेक्षा घरपट्टीची चर्चा जास्त होते. "शेजाऱ्याचे घर एवढेच, मग त्याला कमी का?" या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा बिलात नसते, ते नमुना 8 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत असते.

आधी एक भीती दूर करू. शेतसारा लागू असलेल्या जमिनीवर ग्रामपंचायत घरपट्टी लावत नाही. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 मध्ये तसे स्पष्ट आहे. मात्र त्याच जमिनीवरच्या इमारतीला ही सवलत नाही. त्यामुळे मळ्यातल्या घराला बिल आले, तर "जमीन शेतीची आहे" एवढे कारण पुरत नाही.

पूर्वी चौरस फुटावर आकारणी होत असे. डिसेंबर 2015 मध्ये नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा व बांधकामाचा दर शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून, म्हणजे रेडी रेकनरमधून घेतात. बांधकामाच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा होतो आणि बेरजेला वापराचा भारांक लागतो: राहत्या घराला 1, व्यापारी वापराला 1.25.

समजा, 50 चौरस मीटरचे आरसीसी घर आहे. जमीन 600 रुपये दराने 30,000. बांधकाम 20,000 दराने दहा लाख, घसाऱ्यानंतर 80 टक्के धरले तर आठ लाख. भांडवली मूल्य 8,30,000. हजारी 1 रुपया 20 पैसे दराने घरपट्टी 996 रुपये. हेच घर जुने असूनही नवे म्हणून नोंदले, तर 1,236 रुपये. दर मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण गोम लक्षात येईल: खेड्यात जागेच्या दरापेक्षा बांधकामाचा प्रकार आणि वय हेच बिल ठरवतात. मातीच्या घराची नोंद आरसीसी अशी झाली असेल, तर दुहेरी फटका. बांधकामाचा दरही वाढतो आणि हजारी दरही.

हजारी दर ग्रामपंचायत ठरवते, शासनाने दिलेल्या किमान-कमाल मर्यादेत. म्हणून दराबद्दलची तक्रार पंचायतीत आणि ग्रामसभेत मांडायची. नोंदीची तक्रार मात्र ज्याची त्याने करायची. दर चार वर्षांनी फेरआकारणीची यादी लागते, तेव्हा मुदतीत लेखी हरकत द्यावी व पोच घ्यावी. समाधान झाले नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. यादी लागली हेच अनेकांना बिल हातात पडल्यावर कळते. कृषी सहायकांनी गावबैठकीत एक वाक्य बोलले तरी बरेच काम होईल.

बिल कोणाच्या नावे? मुळात मालकाच्या. वडील वारल्यावर वर्षानुवर्षे त्यांच्याच नावे पावती फाडणारी घरे गावोगाव आहेत. वारसनोंद करून घ्या, थकबाकी घराबरोबरच येते. उलट, घरपट्टी भरली म्हणून कोणी मालक होत नाही. नमुना 8 हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. भावकीतले कितीतरी वाद याच गैरसमजातून उभे राहतात.

स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन गावठाणातल्या घरांना मिळकत पत्रिका मिळत आहेत. पत्रिका हाती आली की तिच्यावरचे क्षेत्र नमुना 8 शी ताडून पाहा. पत्रिका जागेची असते आणि घरपट्टी बांधलेल्या भागावर असते, त्यामुळे अंगण इमारतीत मोजले गेलेले नाही ना, हे आधी तपासा.